रुमाल, फेरिस्त आणि मूळ क्रम

पुण्यातील जुन्या पिढीचे लोक जिला अद्यापही ‘पेशवे दफ्तर’ म्हणतात, इंग्रजी अमदानीत जिची ओळख ‘एलिनेशन ऑफिस’ अशी होती, आणि आज जिच्यावर पुराभिलेखागाराची पाटी आहे, ती कौन्सिल हॉलच्या परिसरातील दगडी इमारत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खास कागद ठेवण्याकरिताच बांधली गेली. तीत ३५ ते ४० हजारांच्या दरम्यान रुमाल आहेत. रुमाल म्हणजे चौकोनी कापडात गाठ मारून बांधलेला गठ्ठा. एकेका गठ्ठ्यात शेकडो, क्वचित हजाराहूनही अधिक कागद, आणि ते बहुतांशी मोडी लिपीतले. या राशीसमोर उभ्या राहिलेल्या नवख्या अभ्यासकाला मोडी वाचता येते की नाही, हा प्रश्न पुढचा. त्याआधी त्याला हवा असलेला कागद कोणत्या रुमालात असण्याचा संभव आहे, हे कोणीतरी सांगावे लागते. हे सांगणारी जी विद्या, तिच्याकडे इतिहासाचे एवढे वेड असलेल्या महाराष्ट्राने पुरेसे लक्ष दिले नाही, असे माझे मत आहे.

ग्रंथालय आणि दफ्तरखाना ही भावंडे मानली जातात, परंतु त्यांचे स्वभाव भिन्न आहेत. ग्रंथ आपले नाव, कर्ता आणि प्रकाशनाचे साल मुखपृष्ठावर घेऊनच जन्माला येतो. ड्यूईने १८७६ साली आणि आपल्याकडे रंगनाथनांनी १९३३ साली ज्या वर्गीकरणपद्धती दिल्या, त्यांच्या आधारे त्याचा विषय ठरवून त्याला फडताळात जागा नेमून दिली की काम झाले. आणि उद्या तो दुसऱ्या फडताळात गेला, तरी त्याच्या अर्थात तिळमात्र फरक पडत नाही. दफ्तरातला कागद मात्र वाचकासाठी लिहिलेला नसतो. कारभार चालविताना तो सहज निर्माण झालेला असतो; त्याला शीर्षक नसते, पुष्कळदा साल नसते, आणि त्याचा अर्थ अर्धा त्याच्यात व अर्धा त्याच्या शेजाऱ्यांत असतो. म्हणूनच म्युलर, फेइत आणि फ्रुइन या तिघा डच अभिलेखपालांनी १८९८ साली जी नियमावली प्रसिद्ध केली, तिच्यात एका कचेरीचे कागद दुसरीच्या कागदांत मिसळू नयेत, आणि त्या कचेरीने ज्या क्रमाने ते लावले असतील तो क्रम होता होईल तो मोडू नये, या दोन गोष्टींवर सर्व इमारत उभी केली. योगायोग असा, की त्याच १८९८ साली विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड बाहेर पडला. तिकडे मूळ क्रम राखण्याचे शास्त्र सिद्ध होत होते, आणि इकडे वाडे-माळवदे धुंडाळून, जळत्या घरातून हाती लागेल ते बाहेर काढावे तशा त्वरेने, कागद मिळवून छापले जात होते.

मूळ क्रम ही काही पंडिती हौस नव्हे. पेशवाईतील खासगी वा राजकारणी पत्र पाहा: त्याच्या शेवटी ‘छ’ या खुणेपुढे चांद्र तारीख आणि मुसलमानी महिना असतो, आणि वर्ष बहुधा नसतेच, कारण लिहिणाऱ्याला व वाचणाऱ्याला ते ठाऊकच असे. वर्ष दिलेच तर ते कोणत्या गणनेचे, हा पुढचा पेच. ज्या वर्षी पानिपत झाले तेच वर्ष शालिवाहन शकाप्रमाणे १६८२, राज्याभिषेक शकाप्रमाणे ८७, फसलीप्रमाणे ११७०, हिजरीप्रमाणे ११७४ आणि सुहूर सनाप्रमाणे ११६१. त्यातही सुहूर सन आकड्यांत न लिहिता ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असा अरबी शब्दांत लिहावयाचा, आणि त्याचा आरंभ चैत्रात वा जानेवारीत न होता मृग नक्षत्र लागताना व्हावयाचा. या गुंत्यातून वाट काढता यावी म्हणून गणेश हरी खरे यांनी ‘संशोधकाचा मित्र’ हे पुस्तक सिद्ध केले, आणि ज्यांना दफ्तरात बसावयाचे आहे त्यांच्या उशाशी ते असलेच पाहिजे. परंतु कोष्टके कितीही अचूक असली, तरी ज्या पत्रात वर्षच नाही त्याला ती काय करणार? अशा वेळी पाठीवरचा पैवस्तीचा शेरा, म्हणजे पत्र पोचल्याची नोंद, उपयोगी पडतो. आणि तोही नसला, तर त्याच पुडक्यातले मागचे-पुढचे कागद साक्ष देतात. एखाद्या हौशी माणसाने ‘महत्त्वाचे’ म्हणून ते पत्र पुडक्यातून उपसून वेगळे ठेवले, की ती साक्ष संपली. पत्र हातात राहते, त्याचे साल जाते, आणि साल गेल्यावर त्या पत्राचा इतिहासकाराला असलेला उपयोग पुष्कळ अंशी जातो.

आणि गंमत अशी, की पेशव्यांचे कारकून या बाबतीत आपल्याहून दक्ष होते. हुजूर दफ्तरात प्रत्येक दिवसाची हुकमांची व देण्याघेण्याची नोंद रोजकीर्दीत होई. त्याच नोंदी बाबवार पुन्हा लावून घडण्या तयार होत. खतावण्या आणि तेरजा त्यांचा गोषवारा देत. आणि वर्षाअखेर ताळेबंद बसे. एकच व्यवहार दिवसाच्या क्रमाने आणि विषयाच्या क्रमाने, असा दोन्ही वाटांनी सापडावा, ही सोय आजच्या संगणकी सूचीचे जे ब्रीद समजले जाते, ती शनिवारवाड्यातल्या फडावर बोरू घासणाऱ्या मंडळींनी हाताने साधली होती. नाना फडणिसांच्या हयातीत ही शिस्त कडक होती. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत ती ढिली पडली.

१८१८ साली राज्य गेले आणि दफ्तर इंग्रजांच्या हाती आले. त्यांना त्यात इतिहास दिसला नाही, हे स्वाभाविकच होते. त्यांना जमीनमहसूल दिसला. कोणते गाव कोणाकडे इनाम आहे, त्याची सनद खरी की बनावट, वतन कोणत्या पिढीपर्यंत चालावयाचे, या प्रश्नांची तड लावण्यासाठी इनाम कमिशन बसले, १८५२ च्या ११ व्या कायद्याने त्याला अधिकार मिळाले, आणि त्या कमिशनच्या कामासाठी रुमाल सोडले, निवडले आणि पुन्हा बांधले गेले. शाहू दफ्तर, रोजकीर्द, घडणी, प्रांत अजमास, पागा, जमाव, आंग्रे दफ्तर, सातारा महाराजांचे दफ्तर असे जे विभाग अभ्यासकाला आज भेटतात, त्यांपैकी काही मूळ पेशवाई रचनेचे अवशेष आहेत, आणि काही इनामांच्या चौकशीतून व राज्ये खालसा होण्यातून पडलेली भर आहे. दफ्तराची यादी वाचताना या दोन हातांतला फरक ओळखणे, हेच संशोधनाचे अर्धे काम होय. या चौकशीचा दुसरा परिणाम घरोघर झाला. ज्यांची इनामे पुराव्याअभावी गेली त्यांनी, आणि ज्यांची जाण्याची भीती होती त्यांनीही, कागद जिवापाड जपले, परंतु दाखविले मात्र कोणालाच नाहीत. राजवाड्यांना पुढे जी दारे ठोठवावी लागली, त्यांच्यामागे हा संशय पक्का बसलेला होता.

सरकारचाही संशय काही कमी नव्हता. जुने कागद बाहेर पडले तर जुने दावे उपटतील, या धास्तीने दफ्तर कित्येक दशके अभ्यासकांना जवळजवळ बंदच होते. गणेश चिमणाजी वाड यांनी रोजनिशांतून केलेले उतारे आणि त्यांच्या आधारे न्यायमूर्ती रानड्यांनी लिहिलेला इंग्रजी निबंध, हा त्या काळातला झरोका. पुढे बडोद्याच्या नोकरीतून निवृत्त झालेले गोविंद सखाराम सरदेसाई यांच्याकडे निवडीचे काम आले, आणि १९३० ते १९३४ या अवघ्या काही वर्षांत त्यांनी ‘पेशवे दफ्तरातून निवडलेले कागद’ या मालेचे ४५ खंड प्रसिद्ध केले. हा पराक्रमच, यात शंका नाही. पण निवड ही निवडच असते. सरदेसायांना राजकारणाची पत्रे हवी होती; हिशेबांच्या रुमालांना त्यांनी फारसा हात लावला नाही, आणि त्यांच्या मागून येणाऱ्या कित्येकांनी तर ४५ खंड म्हणजेच पेशवे दफ्तर अशी समजूत करून घेतली. त्याच सरदेसायांनी १९३३ साली दफ्तराची एक लहानशी इंग्रजी मार्गदर्शिका काढली होती. कोणत्या विभागात काय आहे, हे सांगणारी. खंडांच्या मानाने तिची आठवण कोणी काढीत नाही. माझ्या मते ४५ खंडांपैकी काही कमी निघाले असते आणि त्या मार्गदर्शिकेचा विस्तार दसपट झाला असता, तर मराठ्यांच्या इतिहासाचे अधिक कल्याण झाले असते. हिरोशी फुकाझावा हे जपानी विद्वान दख्खनच्या गावगाड्याचा, वतनांचा आणि जातिव्यवस्थेचा अभ्यास करण्यासाठी याच दफ्तराकडे वळले, आणि लढायांच्या पत्रांत न सापडणारा समाज त्यांना तेथे सापडला.

संग्राहकांच्या हातून आलेल्या कागदांचा प्रश्न याहून बिकट. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी वाईजवळच्या मेणवलीचे नानांचे दफ्तर मिळविले, साताऱ्यास त्यांचे ऐतिहासिक संग्रहालय उभे राहिले, आणि १९३९ साली तो सर्व ठेवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आला. ७ जुलै १९१० रोजी स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळात तर शेकडो घराण्यांची दफ्तरे जमली. अशा ठिकाणी सूचीकाराने पहिली नोंद करावयाची ती कागदाच्या मजकुराची नसून तो कोणाच्या घरून, केव्हा, कोणाच्या मार्फत आला याची. आंतरराष्ट्रीय अभिलेख परिषदेने १९९४ साली वर्णनाचे जे नियम ठरविले, त्यांचाही रोख हाच आहे: आधी संपूर्ण दफ्तराचे वर्णन, मग त्यातील मालिकांचे, मग रुमालाचे, आणि सवड असेल तर शेवटी एकेका कागदाचे. आपल्याकडे उत्साही माणूस नेमका उलट बाजूने, पहिल्या कागदाच्या पहिल्या ओळीपासून आरंभ करतो आणि तिसऱ्या रुमालापाशी थकतो.

जतनाची बाजू त्या मानाने सोपी, म्हणजे निदान तिचे शत्रू उघड आहेत: कसर, वाळवी, उंदीर, ओल आणि छपराची गळती. मोडी कागदांचे एक सुदैव आहे. काजळ आणि डिंक यांची ती शाई दोनअडीचशे वर्षे झाली तरी काळीभोर राहते. हिराकस आणि मायफळ यांपासून केलेली युरोपीय शाई आम्लामुळे कागदालाच खाते, आणि कित्येक जुन्या इंग्रजी व पोर्तुगीज पानांवर अक्षराच्या जागी अक्षराच्या आकाराचे भोक उरते. उलट काजळाची शाई पाण्याला भिते, म्हणून तिच्या कागदाला आम्लनिवारणाची आंघोळ घालताना हात जपावा लागतो. मध्यंतरी, विसाव्या शतकाच्या मध्यास, जीर्ण पानांच्या दोन्ही बाजूंस सेल्युलोज ॲसिटेटचा पारदर्शक पापुद्रा चिकटविण्याची टूम निघाली. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने यंत्रावाचून, ॲसिटोनच्या बोळ्याने ते करण्याची स्वस्त रीत बसविली, आणि ती देशभर पसरली. पुढे कळले, की पापुद्रा स्वतःच कालांतराने बिघडतो आणि तो सोडविणे जिकिरीचे होते. तेव्हापासून जो उपाय उद्या निर्धोक उलटविता येईल तोच आज करावा, असा दंडक पडला, आणि पातळ जपानी कागद व सौम्य खळ यांच्याकडे जाणकार परत वळले.

आता सूचीकडे वळावयाचे तर गोव्याचे उदाहरण घ्यावेसे वाटते. तेथील दफ्तरखाना १५९५ साली दियोगु दु कोउतु या इतिहासकाराच्या स्वाधीन करण्यात आला. मोसमी वाऱ्यांबरोबर ये-जा करणाऱ्या जहाजांतून लिस्बनशी झालेल्या पत्रव्यवहाराचे चारशेहून अधिक ग्रंथ त्यात आहेत. त्याचे दीर्घकाळ पालक असलेले पांडुरंग पिसुर्लेकर यांनी मराठे-पोर्तुगीज संबंधांवर मोलाचे लेखन केलेच, पण १९५५ साली त्यांनी त्या सबंध दफ्तराची वाटाडी यादीही सिद्ध केली. कोणती मालिका कोठून कोठवर, कोणत्या वर्षांची, कोणत्या विषयाची, हे तीत सांगितले आहे. पुढचे अभ्यासक गोव्यात उतरले ते तीच घेऊन.

सध्या सर्वत्र छायाप्रती काढण्याची घाई आहे, आणि ती योग्यही आहे, कारण मूळ कागदाची हाताळणी त्यामुळे थांबते. मात्र रुमाल सोडून पाने भराभर यंत्राखाली सरकविली, प्रत्येक प्रतिमेला यंत्राने दिलेला अनुक्रमांक तेवढा राहिला, आणि विभाग, रुमाल, पुडके व पान यांची नोंद त्या प्रतिमेशी बांधली गेली नाही, तर जे मूळ क्रमाचे नुकसान पूर्वी संग्राहकाच्या हातून एकेका पत्रापुरते होत होते, ते आता एका आठवड्यात अख्ख्या विभागाचे होते. मोडीचे वर्ग अलीकडे भरू लागले आहेत, ही समाधानाची गोष्ट. परंतु त्यांतून बाहेर पडणाऱ्या तरुणांना बहुतेक ठिकाणी शिवकालीन वा पेशवेकालीन पत्राचे लिप्यंतर करावयास देतात, रुमालाची यादी करावयास नव्हे. निदान विद्यापीठांनी एखाद्या विभागातील सलग शंभर रुमालांची रुमालवार फेरिस्त, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, कोणत्या प्रांताची, कोणत्या जातीचे कागद आणि अवस्था कशी, एवढ्याच रकान्यांची, प्रबंध म्हणून मान्य केली, तर पीएच.डी.च्या उमेदवारांची आणि दफ्तराची, दोघांचीही सोय होईल.