तिसरा शनिवार

सकाळचे साडेदहा. एप्रिलचं ऊन आत्ताच डोळ्यांवर येतंय. कुटुंब न्यायालयाच्या फाटकाबाहेर कडुलिंबाखाली नोटरीची टेबलं मांडली आहेत. कागदांवर दगड ठेवलाय, तरी कोपरे फडफडताहेत. पलीकडे रसवंतीची घुंगरं. टायपिस्ट मान वर न करता विचारतो, "कशाचं ॲफिडेव्हिट? पोटगी?"

"ताब्याच्या हुकमात बदल. मुलीच्या."

"घटस्फोट इथलाच? मग डिक्रीची नक्कल जोडा. शिक्क्याची. झेरॉक्स चालत नाही."

नक्कल आहे. निळ्या पिशवीत, घड्यांवर झिजलेली. टायपिस्ट जुना मसुदा उघडतो, तारखा बदलतो, प्रिंट काढतो. वकील उभ्याउभ्या वाचतात आणि दुसऱ्या ओळीवर अडतात. 'अज्ञान मुलगी, वय 4 वर्षे.' जुन्या अर्जातून तसंच उतरलंय. "अहो, बारा!" चारवर काट, वर बारा, बाजूला छोटी सही. मुलीचा बाप ते बघत राहतो.

फाटकाशी महिला पोलीस पिशव्या उघडून पाहते आहे. रांग हळू सरकते. एप्रिलात इथे नेहमीच अशी गर्दी. शाळा सुटतील, मे महिन्यात मूल कोणाकडे राहणार, हा एकच प्रश्न शंभर तोंडांनी विचारला जातोय. कोर्टाला सुट्टी लागायच्या आत प्रत्येकाला हुकूम हवाय.

पहिल्या मजल्यावर बोर्ड लागलाय. माणसं बोटं फिरवत आपला नंबर शोधताहेत. सरावलेले आधी अक्षर बघतात. डी म्हणजे ताबा, ई म्हणजे पोटगी, एफ म्हणजे म्युच्युअल. मी मावसबहिणीबरोबर इथे दीड वर्ष येत होतो. पहिल्या दिवशी नवखेपणाने भिंतीला टेकलो, आणि पाठीवर चुना घेऊन घरी गेलो. आजही तीन-चार पांढऱ्या पाठी दिसताहेत.

बाकावर नऊवारीतल्या एक आजी. मांडीवर डबा. त्यांना काही केल्या पटत नाही. "ताबा एकदा ठरला ना? लिहून दिलं ना दोघांनी? मग परत कशाला?"

शेजारची तरुण वकील फाइलने वारा घेत सांगते, "आजी, घटस्फोट पक्का होतो. मुलाच्या ताब्याचा हुकूम तसा पक्का नसतो. दोघांनी राजीखुशीने लिहून दिलं असलं, तरी मुलाच्या भल्यासाठी कोर्ट ते बदलू शकतं." तिचं म्हणणं खरं आहे. देशातल्या सर्वांत वरच्या कोर्टाने 1973 सालीच हे सांगून ठेवलंय. हिंदू विवाह कायद्याच्या 26व्या कलमातही डिक्रीनंतर असा बदल करायची वाट ठेवलेली आहे. कायदा 1955चा. आजींच्या लग्नाच्याही आधीचा असावा.

"मग माझ्या लेकाने दुसरं लग्न केलं, म्हणून नातू काढून घेतील?"

"नुसत्या लग्नाने नाही. मुलाचं काय बिघडलं, ते दाखवावं लागतं." बदली, आजारपण, शाळा, घरातली भांडणं, भेटी न देणं. ती बोटांवर मोजते. आजी डब्याचं झाकण उघडतात, परत लावतात.

सव्वाअकरा. शिपाई दारात येऊन पुकारा करतो. आवाज खणखणीत. नावं सगळ्या व्हरांड्याला ऐकू जातात. इथे मला नेहमी चुकल्यासारखं होतं. दोघांपैकी एकाने मागितलं तरी सुनावणी बंद दाराआड घ्यावी लागते, पण पुकारा मात्र उघड्यावर.

बारा वर्षांच्या मुलीचे आईबाप आत जातात. दोन दारांनी नाही, एकाच. दार लोटलं जाताना न्यायाधीश बाईंचा आवाज कानावर पडतो, "मुलीला आणलंय ना?" मग दार बंद.

थोड्या वेळाने दोघं बाहेर येतात. मुलगी एकटीच चेंबरमध्ये. बाईंना तिच्याशी बोलायचंय. आई खिडकीपाशी. बाप पाण्याच्या टाकीपाशी. मधे वीसेक फूट अंतर, आणि दोघांची नजर त्याच दारावर. पंखा कुरकुरतोय. आईच्या हातात मुलीची पाण्याची बाटली. ती तिचं बूच फिरवतेय, उघडतेय, परत फिरवतेय.

आत काय बोलणं होतं, ते बाहेर येत नाही. माझी भाची सांगायची, बाईंनी आधी मैत्रिणींची नावं विचारली, मग गणिताच्या मास्तरांविषयी. कोणाकडे राहायचं, हे असं थेट विचारलंच नाही. कायदा म्हणतो, शक्य तिथे मुलांची इच्छा बघावी. पण तेवढ्यावरच निकाल देत नाहीत. पाच वर्षांच्या आतलं मूल सहसा आईकडे, हा नियम या मुलीसाठी केव्हाच मागे पडलाय. सज्ञान व्हायला अजून सहा वर्षं आहेत.

पंचवीस मिनिटं. मुलगी बाहेर येते. दोघांकडे बघते, आणि कोणाकडेच न जाता बाकावर बसते.

जेवणाच्या सुट्टीनंतर व्हरांडा ओसरतो. काउन्सेलरच्या खोलीतून दोघं अर्ध्या तासाने बाहेर पडतात. मेमधले आठ दिवस मुलगी बापाकडे, पोहण्याचा वर्ग बुडवायचा नाही, फोन रोज रात्री आठला. तेवढ्यावर दोघांच्या सह्या. बाकीच्या अर्जाला जूनची तारीख. बाप टेबलाशी विचारतो, "आधीची नाही का मिळणार?" कारकून कॅलेंडरकडे बोट करतो. तोवर भेटी जुन्याच हुकमाप्रमाणे: पहिला आणि तिसरा शनिवार, तीन ते पाच, मुलांच्या खोलीत.

तीन वाजलेत. तळमजल्यावर ती खोली. भिंतीवर ससा, हत्ती, रंग उडालेलं इंद्रधनुष्य. कोपऱ्यात लाल घसरगुंडी. खुर्च्या बालवाडीच्या मापाच्या. मुलगी एका खुर्चीत बसते, गुडघे हनुवटीपर्यंत येतात. दोन मिनिटांनी उठून सरळ सतरंजीवर येते. बाप मांडी घालून समोर. मधे कॅरम. स्ट्रायकर हरवलाय.

"बाबा, तुमच्याकडे पाचचं नाणं आहे?"

तो खिसे चाचपतो. दाराबाहेर आई उभी. ती पर्समधून नाणं काढते आणि वहीत वेळ लिहिणाऱ्या मावशींच्या हातावर ठेवते. मावशी ते आत नेऊन देतात. मुलगी नाणं पाटावर ठेवते, एक डोळा मिटते, नेम धरते.