वारा नेमका कुठे अडतो?

मोटारीतल्या हवेची तक्रार आपण सरसकट 'एसी बिघडला' अशा दोन शब्दांत करतो. त्यामुळे तीन वेगळे आजार एकाच नावाखाली जातात. वारा येतो पण गार लागत नाही, हा पहिला. गार लागतो पण मंद येतो, हा दुसरा. वाराच येत नाही, हा तिसरा. गॅस आणि कॉम्प्रेसर यांचा संबंध पहिल्याशी. तिसऱ्याचे मूळ बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे बसलेल्या ब्लोअर नावाच्या पंख्यात, किंवा त्याला वीज पुरवणाऱ्या वाटेत असते. तरीही पंखा बंद असलेल्या गाडीत 'गॅस भरून द्या' म्हणणारे ग्राहक मी पिंपरी-चिंचवडच्या गॅरेजांत पाहिले आहेत.

या पट्ट्यासाठी हा विषय परका नाही. १९९८मध्ये आलेली इंडिका पिंपरीच्या कारखान्यात तयार झाली. २००९मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने चाकणला सुरू झाले. गाडीतली हवा गार-गरम करणारे सुटे भागही चाकण परिसरात बनतात. पण भाग बनवणे ही एक विद्या आणि बंद पडलेल्या भागाचे कारण शोधणे ही दुसरी. ही दुसरी विद्या गॅरेजमधल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे असते.

साध्या, हाताने वेग बदलायच्या गाडीत पंख्याचा वेग रेझिस्टरने ठरतो. पहिल्या वेगावर वीज रेझिस्टरच्या सगळ्या वेटोळ्यांतून जाते, पुढच्या वेगांवर त्यांतली एकेक गळते, आणि शेवटच्या वेगावर वीज रेझिस्टर टाळून थेट मोटारीला मिळते. म्हणून पंखा फक्त शेवटच्या वेगावरच फिरत असेल, तर मोटार शाबूत आहे आणि संशय रेझिस्टरवर घ्यावा. स्वयंचलित तापमानाच्या गाड्यांत रेझिस्टरच्या जागी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असते. तिथे ही खूण लागू पडत नाही.

एकाही वेगावर पंखा फिरत नसेल, तर आधी फ्यूज पाहावा. जळालेल्या फ्यूजच्या जागी तेवढ्याच अँपियरचा बसवावा. २०च्या जागी ३०चा बसवला, तर पुढच्या वेळी जळायची पाळी वायरची. मग रिले. त्यानंतर इग्निशन चालू करून, नॉब शेवटच्या वेगावर ठेवून, मोटारीच्या प्लगच्या दोन टोकांना टेस्ट लॅम्प लावावा. दिवा लागला तर वीज पोचते आहे, दोष मोटारीत. अशा वेळी स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने मोटारीवर हलकेच ठोकल्यावर ती फिरू लागली, तर कार्बन ब्रश झिजले असण्याची शक्यता मोठी. दिवा लागला नाही, तर लॅम्पचे एक टोक पुरवठ्याच्या वायरला आणि दुसरे गाडीच्या पत्र्याला लावावे. आता तो लागला, तर परतीच्या वाटेत खंड आहे. आपले कारागीर याला 'अर्थ मिळत नाही' म्हणतात, आणि इतके अचूक मराठी वाक्य मला एकाही माहितीपुस्तकात सापडलेले नाही. तरीही दिवा लागला नाही, तर पुरवठाच मागे कुठेतरी तुटला आहे.

खरा प्रश्न यापुढचा आहे. नवा रेझिस्टर काही महिन्यांत पुन्हा का जळतो? उदाहरणादाखल, रेझिस्टरवर ६ व्होल्ट खर्च होत असतील आणि करंट ८ अँपियर असेल, तर तिथे ४८ वॅट उष्णता तयार होते. २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नच्या ही जवळजवळ दुप्पट. म्हणून रेझिस्टर मुद्दाम पंख्याच्याच वाऱ्यात बसवतात. केबिन फिल्टर धुळीने गच्च झाला की हा वारा आटतो. बेअरिंग जड झाले की मोटार जास्त करंट ओढते. जूलने १८४१मध्ये मांडलेल्या नियमानुसार उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे करंट दीडपट झाला की त्याच वेटोळ्यातली उष्णता सव्वादोनपट. जळाला रेझिस्टर, पण कारण धुळीत किंवा बेअरिंगमध्ये. चाकण-भोसरीच्या धुळीत गाडी चालवणाऱ्याने फिल्टर बदलण्यासाठी पुस्तकातल्या किलोमीटरची वाट पाहू नये.

उन्हाळ्यात बंद पंख्याने घाम येतो, एवढेच. पावसाळ्यात गोष्ट वेगळी. चार माणसांच्या श्वासातली वाफ थंड काचेवर धरते. एसीतून जाताना हवेतला ओलावा पाणी होऊन गळतो आणि ती कोरडी हवा काचेवर फेकायचे काम पंख्याचे असते. तळेगाव-चाकण रस्त्यावर रात्री, समोर कंटेनरचे दिवे आणि आतून धुरकट काच, अशा वेळी हा पंखा चैनीची वस्तू राहत नाही. ब्रेकच्या पंक्तीला बसतो.

म्हणून गॅरेजमध्ये नवा रेझिस्टर बसवून घेण्याआधी दोन प्रश्न विचारावेत: फिल्टर काढून पाहिला का, आणि मोटार किती अँपियर ओढते ते मोजले का? मोजायला पाच मिनिटे पुरतात.