शेजारच्या टेबलाला ऐकू न जाणारं गाणं

ऑफिसात वापरायच्या हेडफोनची पहिली परीक्षा आपले कान घेत नाहीत, शेजारच्या टेबलावरचा माणूस घेतो. बडोद्यातल्या आमच्या डिझाइन ऑफिसात २०१०च्या सुमाराला ही परीक्षा रोज चालायची. कोयलीची रिफायनरी, खत कारखाना, पेट्रोकेमिकल हा सगळा पसारा शहराच्या अंगणातच असल्याने इथे पाइपिंगचे नकाशे काढणारी ऑफिसं पुष्कळ. तासन् तास पडद्यावर रेषा ओढायच्या, आकडे टाकायचे, बोलायचं फारसं नाही. अशा कामाला गाणं लागतंच. त्या काळी ते यायचं मोबाइलबरोबर फुकट मिळालेल्या इअरफोनमधून. ऐकणाऱ्याला ते अर्धवटच ऐकू यायचं आणि शेजाऱ्याला झांजेची नुसती छिस्-छिस्. मग पलीकडून हाक यायची, ‘भाई, अवाज ओछो करो ने!’

काम करताना गाणं ही काही आपल्या पिढीची चैन नव्हे. बीबीसीने १९४० मध्ये कारखान्यातल्या कामगारांसाठी ‘म्यूझिक व्हाइल यू वर्क’ सुरू केलं, तेव्हा भोंग्यातून सगळ्यांना एकच गाणं ऐकावं लागे. सोनीचा वॉकमन १९७९ साली आला आणि ज्याचं गाणं त्याच्या कानाशी गेलं. पण त्याच्यासोबतचे हेडफोन फोमच्या पातळ गाद्यांचे, दोन्हीकडून उघडे. गाणं खाजगी झालं ते मालकापुरतं. बसमधल्या शेजाऱ्याला त्यातला वाटा मिळतच होता.

बंद पाठीचे, म्हणजे क्लोज्ड-बॅक हेडफोन खऱ्या अर्थाने रुळले ते ध्वनिमुद्रणाच्या खोलीत. गायकाच्या कानात वाजणारा ठेका बाहेर सांडला, तर समोरचा मायक्रोफोन तो पकडतो आणि सगळं मुद्रण बिघडतं. म्हणून कपाची मागची बाजू बंद करायची आणि कानाभोवती गादी घट्ट बसवायची. सोनीचा एमडीआर-७५०६ याच कामासाठी १९९१ मध्ये आला आणि आजही बाजारात आहे. ऑफिसात मायक्रोफोनच्या जागी शेजारी असतो, एवढाच फरक. म्हणूनच ऑफिसातल्या श्रोत्याने दिखाऊ हेडफोनांच्या मागे न लागता स्टुडिओच्या कपाटाकडे पाहावं, असं माझं मत तेव्हाच बनलं आणि ते आजवर बदललेलं नाही.

पहिली बढती स्वस्तातली होती. सेनहायझरचा एचडी २०२ त्या वर्षांत भारतभर कॉलेजच्या पोरांच्या आणि नव्या नोकरदारांच्या डोक्यावर दिसायचा. बंद पाठ, वायर लांबलचक, वजन हलकं. त्यातून गाणं ऐकल्यावर तबल्यात डावा हात पण असतो हे बऱ्याच जणांना नव्याने समजलं. दुसरी बढती २०१४ नंतरची. ऑडिओ-टेक्निकाने त्या वर्षी एम५०एक्स आणला, ४५ मिलिमीटरचा पडदा आणि मुख्य म्हणजे काढता येणारी वायर घेऊन. ऑफिसात हेडफोन मरतात ते बहुधा वायरीपाशी. खुर्चीचं चाक वायरीवरून जातं, आणि वायर अडकलेली विसरून माणूस चहाला उठतो. सुटी वायर मिळणं हे आवाजाच्या कुठल्याही सुधारणेपेक्षा मोठं होतं.

आवाजाचं म्हणाल, तर इथे बडोदेकर श्रोत्याची अडचण जरा वेगळी आहे. हेडफोनची परीक्षणं लिहिणारे लोक इंग्रजी गाणी लावून बघतात. आमच्या प्लेलिस्टमध्ये उस्ताद फैयाज खाँ. सयाजीराव महाराजांच्या दरबारचे गवई, बडोद्यातच १९५० साली वारले. त्यांची उपलब्ध मुद्रणं म्हणजे तीनेक मिनिटांच्या तबकड्या आणि काही रेडिओवरची. सगळी मोनो, म्हणजे दोन्ही कानांत तंतोतंत तेच, आणि हेडफोनवर गायक थेट कपाळाच्या मध्यभागी येऊन बसतो. बासवर जोर दिलेला हेडफोन लावला की त्यांचा तो भरदार, खालच्या पट्टीतला आवाज फुगतो आणि डग्गा त्याच्या अंगावर येतो. ट्रेबल उचललेला लावला, तर तबकडीवरची सुईची खरखर आधी आणि खाँसाहेब मागून. याच्या उलट टोकाला हिराबाई बडोदेकर. (आडनाव बडोद्याचं, जन्म मात्र मिरजेचा, वडील अब्दुल करीम खाँ इथलं दरबारचं गाणं सोडून गेले होते.) त्यांचा नाजूक, बारीक आवाज तार सप्तकात टोचता कामा नये. एखाद्या हेडफोनवर हे दोघेही नीट ऐकू आले, तर मधले सगळे येतात, ही माझी कसोटी. बहुतेक महागडे हेडफोन एकाला जिंकतात आणि दुसऱ्याला हरवतात.

बंद पाठीने काय जातं हेही सांगायला हवं. मैफलीतली हवा जाते. उघड्या पाठीच्या हेडफोनवर तानपुरे गायकाच्या मागे दूर कुठेतरी असल्यासारखे वाटतात. बंद कपात सगळी मंडळी एकाच खोलीत दाटीने बसतात. घरी एकट्याने ऐकायचं असेल, तर उघड्याला तोड नाही. ऑफिसात तो सौदा करावा लागतो, आणि तो करण्यात काही वाईट नाही.

सप्टेंबर २०१६ हा या सगळ्या काळाचा सांधा. त्या महिन्यात एकाच आठवड्यात जिओची सेवा सुरू झाली आणि ॲपलने आयफोन ७ मधून हेडफोनचा जॅक काढून टाकला. गाणी पेन ड्राइव्हवरून उतरवून घेण्याची गरज संपली आणि पाठोपाठ वायर लावायची भोकंही संपत चालली. दोन-तीन वर्षांत ऑफिसातल्या तरुण मंडळींच्या कानांवर ब्लूटूथ आणि नॉइज कॅन्सलेशन आलं. सोनीच्या २०१८च्या डब्ल्यूएच-१०००एक्सएम३ ची इथली किंमत तीस हजारांच्या घरात, तरी ईएमआयवर घेतला जायचा. एसीची घरघर, पंख्याचा घुमारा, विमानातला आवाज असले एकसुरी, खालचे आवाज ही यंत्रणा छान पुसते. बोस कंपनीचे संस्थापक अमर बोस यांना विमानप्रवासातच ही कल्पना सुचली होती, ते त्यामुळेच. पण ऑफिसातला खरा उपद्रव म्हणजे फोनवर व्हेंडरशी तावातावाने बोलणारा सहकारी. माणसाचा आवाज एसीच्या घरघरीपेक्षा बराच वरचा आणि क्षणोक्षणी बदलणारा. तो अडवायला घट्ट बसणारी जाड गादीच लागते. तीस हजारांची जादू जिथे थकते तिथे फोमचा तुकडा काम करतो.

मात्र गादी चष्म्याशी भांडते. काडीमुळे फट राहिली की बास निम्मा होतो आणि आवाज बाहेरही झिरपतो. आणि बडोद्यात ती उन्हाळ्याशीही भांडते. मे महिन्यात बाहेर चव्वेचाळीस अंश. एसी असला तरी वीज जातेच. कृत्रिम चामड्याच्या गाद्या घाम आणि डोक्याचं तेल पीत राहतात, मग त्यांचे काळे पापुद्रे सुटतात आणि कॉलरवर, गालावर चिकटतात. वेलूरच्या कापडी गाद्या यावर चांगला उपाय. त्यांतून आवाज किंचित जास्त झिरपतो, पण कान शिजत नाहीत.

२०२० मध्ये टाळेबंदीत टेबल घरी आलं आणि परीक्षक बदलले. मिटिंगांमध्ये माइक हवा. बंद कपांत स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नाही, म्हणून माणूस नकळत ओरडून बोलतो. किती घरांमध्ये त्यावरून वाद झाले असतील! मी त्या काळात एक कान उघडा ठेवून बोलायला लागलो. सवय अजून आहे.

ऑफिसं पुन्हा भरली तेव्हा मी वायरीकडे परतलो. आता टेबलावर बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो आहे, वेलूरच्या गाद्यांचा. हा ३२, ८० आणि २५० ओहम अशा प्रकारांत मिळतो. मोठा आकडा म्हणजे उंची माल अशी समजूत आहे. प्रत्यक्षात २५० वाल्याला ढकलायला वेगळा ॲम्प्लिफायर लागतो. ऑफिसच्या लॅपटॉपला ८० पुरे. याचा ट्रेबल टोकाला चढा आहे हे सर्वज्ञात आहे, तेव्हा फैयाज खाँ लावताना इक्वलायझरवर तो भाग थोडा उतरवून घ्यावा लागतो. हिराबाईंना तसं काही करावं लागत नाही.

एक गोष्ट मात्र पैशांनी सुटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार मोठ्या माणसाने आठवड्याला ४० तास ऐकायचं तर पातळी ८० डेसिबलच्या आसपास राहावी. ४० तास म्हणजे बरोबर आपली नोकरी. चांगल्या बंद हेडफोनचा मोठा फायदा इथेच आहे, की बाहेरचा गोंगाट आत न आल्याने आवाज वाढवावा लागत नाही.

नवा घेणार असाल, तर चष्मा लावून घाला, आवाज रोजचा ठेवा आणि शेजाऱ्याला विचारा काही ऐकू येतंय का. वायर सुटी निघते का, गाद्या वेगळ्या विकत मिळतात का, हे दुकानदाराकडून आधी काढून घ्या. मिळत असतील, तर गाद्यांचा एक जादा जोड त्याच दिवशी घेऊन ठेवा.