गाणे लक्षात राहते, भाषण नाही

डॉक्टरांचे व्याख्यान म्हटले की मंडपातल्या खुर्च्या कशा रिकाम्या होतात, हे मी पंचवीस वर्षे पाहत आलो आहे. ‘सर्पदंश व प्रथमोपचार’ या विषयावर मी शाळांत बोललो, ग्रामपंचायतींत बोललो. लोक आदराने ऐकत. शेवटी शाल-नारळ मिळे. आणि त्याच पावसाळ्यात त्याच गावचा रुग्ण आधी भगताकडे जाऊन, चार-सहा तासांनी माझ्याकडे येई.

२०२३ च्या गणेशोत्सवात आमच्या गावातल्या एका मंडळाच्या पोरांनी एक संध्याकाळ विज्ञानासाठी ठेवली. त्यांनी मला अट घातली, “डॉक्टर, तुम्हाला दहाच मिनिटे. अकराव्या मिनिटाला ढोलकी वाजणार!”

कल्पना नवी नव्हती. गाडगेबाबा कीर्तनात श्रोत्यांना प्रश्न विचारत, हसवत, आणि हसता हसता स्वच्छता व व्यसनमुक्ती गळी उतरवत. केरळ शास्त्र साहित्य परिषदेने १९८० मध्ये गाणी व नाटुकल्यांचा विज्ञान कलाजथा गावोगाव नेला. १९८७ मध्ये भारत जन विज्ञान जथा देशाच्या पाच दिशांनी निघून भोपाळला पोहोचला.

आमच्या मंडपात आधी विज्ञानाच्या गुरुजींनी काडी न ओढता होम पेटवला. खाली पोटॅशियम परमँगनेट आणि वरून ‘तूप’ म्हणून ओतलेले ग्लिसरिन! मग नाटुकले. त्यातला भगत मंत्राने विष उतरवायचा, आणि त्यालाच साप चावल्यावर धोतर सावरत ‘१०८ ला फोन लावा’ म्हणून ओरडायचा. हसून हसून पोटे दुखली. त्या हशातच मी सांगितले, “आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी असतात. विषारी साप चावला तरी दर वेळी तो विष सोडतोच असे नाही. असे रुग्ण कुणीही काही न करता बरे होतात. भगताला यश मिळते ते या रुग्णांवर.” मंडपात कुणी जागचे हलले नाही. मी खूश झालो.

हलल्या फक्त एक आजी. नाटुकले चालू असतानाच त्या उठून गेल्या. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आल्या. म्हणाल्या, “डॉक्टर, माझ्या लेकाला भगताकडं नेलं ते काय हौस म्हणून नव्हतं. रात्रीचे दोन वाजलेले, गाडी नाही, पूल पाण्याखाली. भगत तेवढा जागा होता. काल समदे हसले, ते मला हसले.”

मला उत्तर सुचले नाही. आम्ही हसवले खरे, पण कुणाला हसलो हे पाहिले नव्हते.

२०२४ साली नाटुकले बदलले. आता हसे झाले ते डॉक्टरचे. दार ठोठावले तरी तो घोरतोय, उठल्यावर आधी चष्मा शोधतोय, मग इंग्रजी झाडतोय! ते काम मीच केले. आणि भगत? तो म्हणतो, “मंत्र मी टाकतो, पण चालत्या गाडीत. आधी जीप काढा!” टाळ्या त्याला पडल्या. आजी पहिल्या रांगेत बसल्या होत्या.

मण्यारीवर पोरांनी एक गाणे रचले. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते. दंश मुंगी चावल्यासारखा, कधी तर कळतही नाही, आणि खूणही सापडत नाही. पहाटे पोटात दुखते, उलटी होते, पापण्या उघडत नाहीत, गिळता येत नाही, शेवटी श्वास थांबतो. हे सगळे पोरांनी एका ओळीत बसवले : ‘पापणी जड, पोटात कळ, दवाखान्याकडे पळ!’

जुलै २०२५ मध्ये पहाटे साडेचारला एका वाडीवरची बाई दहा वर्षांच्या मुलाला घेऊन आली. अंगावर दंशाची खूण नव्हती. ती म्हणाली, “साप कुणी बघितला नाही साहेब. पोट दुखतंय म्हणतो, आणि डोळे उघडंना. तुमच्या गाण्यात हेच होतं ना?” मी सोबत बसून त्याला मोठ्या रुग्णालयात नेले. प्रतिसर्पविषाची इंजेक्शने दिली, दीड दिवस कृत्रिम श्वासावर ठेवावे लागले. पाचव्या दिवशी तो चालत घरी गेला. एका रुग्णावरून मी सिद्धांत मांडत नाही. पण पंचवीस वर्षांत माझ्या व्याख्यानातले एकही वाक्य मला कुणी परत म्हणून दाखवले नव्हते.

२००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अभ्यासकांचा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणून यंदा तुमच्या मंडळाने एक संध्याकाळ अशी जरूर ठेवावी. डॉक्टरला दहाच मिनिटे द्यावीत. हसे करायचे तर त्याचे करावे, ज्याच्या घरचे माणूस गेले त्याचे नव्हे.

आणि एवढे ध्यानात ठेवावे :

- साप चावलेल्याला धीर द्या, चालवू नका. दंशाचा हात किंवा पाय हलू देऊ नका. अंगठी, बांगडी, पैंजण काढा.
- दोरीने आवळू नका, ब्लेडने कापू नका, तोंडाने चोखू नका.
- साप मारण्यात वा शोधण्यात वेळ घालवू नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर आपल्याकडे एकच इंजेक्शन चालते.
- १०८ ला फोन करा, आणि गाडी यायला वेळ लागणार असेल तर मिळेल त्या वाहनाने निघा.
- पावसाळ्यात शक्यतो खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपा. रात्री बाहेर पडताना बॅटरी घ्या.