वचनाची मुदत संपल्यावर

पंडिता रमाबाईंच्या कामासाठी 1887 मध्ये बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाले. दहा वर्षे पैसे पुरवू, असे त्या मंडळींचे वचन होते. ती मुदत 1898 मध्ये संपली. अशा वेळी शहाणा माणूस हात आखडता घेतो. रमाबाईंनी मात्र त्याच सुमारास पसारा वाढवला.

इंदापूर तालुक्यातल्या वरकुट्याकडून भिगवण, पाटस मागे टाकत पुण्याकडे निघाले की चौफुल्यावरून केडगावला वळता येते. सगळा पट्टा कमी पावसाचा. तिथल्या जमिनीवर रमाबाईंचे मुक्ती सदन उभे राहिले. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी सुमारे तीनशे बायका-मुली आणल्या होत्या. मग गुजरातेत दुष्काळ पडला आणि 1900 च्या सुमारास आश्रमातली माणसे दोन हजारांच्या घरात गेली. आदल्या दुष्काळातून वाचलेल्या मुलीच आता नव्यांना न्हाऊमाखू घालत, भरवत होत्या.

भूक म्हणजे काय, हे रमाबाईंना कोणी सांगायला नको होते. पुराणे सांगत, श्रोते देतील त्यावर गुजराण करत त्यांचे आईवडील गावोगाव हिंडले आणि 1870 च्या दशकात अन्नावाचून गेले. तरीही मोठेपणी रमाबाईंनी पुन्हा बिनहमीचाच रस्ता धरला. ब्रिस्टलमध्ये अनाथालये चालवणाऱ्या जॉर्ज म्यूलरचे चरित्र त्यांनी वाचले होते. पैसे माणसांकडे नव्हे, देवाकडे मागायचे, हा त्याचा नेम. 1907 मध्ये लिहिलेल्या आत्मनिवेदनात रमाबाई सांगतात, की बँकेत खाते नाही, ठरलेले उत्पन्न नाही आणि रोजच्या गरजेपलीकडे पैसाही शिल्लक नाही.

हा भरवसा हातावर हात ठेवून बसणाऱ्याचा नव्हता. विहिरी खोदल्या, शेती केली, माग चालले, तेलाचा घाणा फिरला. छापखान्यात बायका खिळे जुळवत. रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून सोप्या मराठीत आणलेले बायबल त्याच छापखान्यात छापले गेले. पूर्ण ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, 1924 मध्ये आला. आणि खरे सांगायचे तर, आश्रमाची हकीकत पत्रकांतून परदेशी पोचत होती. इंग्लंड-अमेरिकेतल्या देणगीदारांना इथली गरज ठाऊक होती. म्हणून श्रद्धा खोटी ठरत नाही, पण पैसे आभाळातून पडत नव्हते, एवढे नोंदवायला हवे.

दुसरी गोष्ट अधिक अवघड. केडगावच्या आधी रमाबाईंनी विधवा-मुलींच्या शिक्षणासाठी शारदा सदन काढले होते. अमेरिकन मदतीची अट होती, की या सदनात धर्माचा आग्रह नको. 1893 मध्ये तिथल्या काही मुली ख्रिस्ती धर्माकडे वळल्याचा गवगवा झाला. रानडे, भांडारकर हे समाजसुधारक सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली नेल्या. केडगावात ती अट उरली नाही. ज्या हातांनी भाकरी मिळाली, त्यांचाच देव मुलींनी स्वीकारला, यात उपकाराचे दडपण किती होते, हा टीकाकारांचा प्रश्न रास्त आहे. मात्र त्या काळी या मुलींसाठी दार उघडे ठेवणारी घरे फारच थोडी होती.