शास्त्रज्ञ नसाल, तरी जागा आहे!

शहागडला पहाटे रस्त्यावर पोलिस भरतीची तयारी करणारी पोरं पळताना दिसतात. उंची, छाती, गोळाफेकीचे मार्क, सगळं त्यांना तोंडपाठ. पण 'अणुसंशोधन केंद्राचा फॉर्म भरला का?' असं विचारून बघा. हसतील.

माझा आतेभाऊही असाच हसला होता. आयटीआय फिटर, दहावीला ७१ टक्के. मे २०२३ मध्ये मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राची, म्हणजे 'बार्क'ची जाहिरात त्याच्या मोबाइलवर आली. 'ते सायंटिस्ट लोकांचं आहे, आपलं काय काम तिथं?' म्हणत त्यानं ती तशीच सोडून दिली. तेव्हा तो २१ वर्षांचा होता.

ती जाहिरात मी या लेखासाठी पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचली. एकूण जागा ४,३७४. त्यातल्या २,९४६ जागा 'स्टायपेंडरी ट्रेनी, कॅटेगरी २' या गटातल्या. म्हणजे दर तीन जागांपैकी जवळपास दोन. पात्रता? दहावीला गणित-विज्ञानासह ६० टक्के आणि फिटर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर, टर्नर अशा ट्रेडचा आयटीआय. काही जागांना बारावी सायन्स ६० टक्क्यांनी पास असलं तरी चालत होतं. दोन वर्षं प्रशिक्षण. पहिल्या वर्षी महिना २०,००० रुपये, दुसऱ्या वर्षी २२,०००. फॉर्मची फी १०० रुपये, मुलींना तीही माफ!

यात नवल काहीच नाही. प्रयोग शास्त्रज्ञ आखतो, पण पंप चालू ठेवायला, पाइप जोडायला, वायरिंग बघायला हातात कसब असलेली माणसं लागतातच.

पहिल्या परीक्षेत ५० प्रश्न होते : गणित २०, विज्ञान २०, सामान्यज्ञान १०. बरोबर उत्तराला ३ मार्क, चुकलं तर १ वजा. त्यानंतर ट्रेडची परीक्षा आणि कौशल्य चाचणी.

खरी मेख वयाची आहे. या गटासाठी मर्यादा होती १८ ते २२. ओबीसींना ३ आणि एससी-एसटींना ५ वर्षांची सवलत. पोलिस भरतीचे दोन-तीन प्रयत्न करून मग इकडे वळू म्हणाल, तर दार बंद झालेलं असतं. आतेभावाचं तेच झालं.

आणि हे सगळं फक्त मुंबईतच आहे, असंही नाही. आपल्याच मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ 'लायगो-इंडिया' हा गुरुत्वीय लहरी टिपणारा प्रकल्प होतोय. २०२३ मध्ये केंद्रानं त्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्या तिथं असतील. त्या जोडायला आणि सांभाळायला माणसं लागणारच ना?

मग आत्ता काय कराल?

- जाहिरात फॉरवर्डमध्ये नाही, संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावर वाचा. दर वेळी जागा आणि अटी बदलतात.
- जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यातला काढून ठेवा. फॉर्मची मुदत जेमतेम महिनाभराची असते.
- 'आत ओळख आहे' म्हणत कुणी पैसे मागितले, तर तिथूनच परत फिरा.

आतेभावाची धाकटी बहीण यंदा बारावी सायन्सला आहे. नव्या जाहिरातीची वाट तिच्यापेक्षा तोच जास्त बघतोय.