उन्हाळी रानवाटा (भाग ५) : दोन गडांमधलं पाणी

मागच्या भागात वणव्यांविषयी लिहिलं होतं. वैशाखात भोर-वेल्ह्यातली रानं ओस नसतात. करवंदं तोडणाऱ्या बायका असतात, गुराखी असतात आणि सुट्टीत तोरणा-राजगड एका दमात करायला निघालेली पुण्याची मुलंही असतात. गावच्या माणसांना पाणवठे ठाऊक असतात. काळजी वाटते ती या मुलांची.

तोरण्यावर मेंगाईच्या देवळाजवळ आणि राजगडावर पद्मावती माचीवर पाण्याची टाकी आहेत. गड बांधणाऱ्यांनी आधी पाणी पाहिलं, पण ते माथ्यावर. बुधला माचीवरून उतरून संजीवनी माचीकडे जाणाऱ्या डोंगरधारेवर उन्हाळ्यात भरवशाचा झरा नाही, सावली तुटक आणि कातळ तापलेला. या वाटेला पाच-सहा तास सहज लागतात. तोरण्यावरून निघतानाच माणशी किमान तीन-चार लिटर पाणी पाठीवर हवं.

उन्हात चढताना तासाला लिटरभर घाम जाऊ शकतो आणि तहान मागाहून जागी होते. त्यामुळे पंधरा-वीस मिनिटांनी चार घोट घ्यावेत. घामातून मीठही जातं. तासन् तास नुसतं पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, मळमळतं, माणूस बरळू लागतो. सोबत्यांना वाटतं तहान लागली असेल, म्हणून ते आणखी पाणी पाजतात. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावं. साखरेच्या जोडीने मीठ आतड्यातून रक्तात लवकर शिरतं आणि पाण्याला ओढून नेतं. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच तत्त्वावर पटकीचे असंख्य रोगी वाचवले.

वळवाआधीचं मळभ मला कडक उन्हाइतकंच धोक्याचं वाटतं. अंग थंड होतं ते घाम वाळल्यामुळे, आणि दमट हवेत तो नुसता निथळतो.

सोबती अडखळत बोलू लागला, तोल जाऊ लागला, विचारलं त्याचं भलतंच उत्तर देऊ लागला, तर तो उष्माघात समजावा. घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही, ही समजूत जीवघेणी आहे. लगेच सावलीत न्या, कपडे सैल करा, उरलेलं पाणी त्याच्या अंगावर ओता आणि जोरजोरात वारा घाला. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका. १०८ला फोन करा, पण गाडीची वाट पाहत अंग गार करणं थांबवू नका.

ही वाट मध्ये भुतोंड्याकडे जाणारा डांबरी रस्ता ओलांडते. तिथवर येताना निम्म्याहून जास्त पाणी संपलं असेल, तर राजगड पुन्हा कधीतरी. तिथूनच गावाकडे उतरा.

पुढच्या आठवड्यात : आग्यामोहोळ उठलं तर.